सालीवरची खूण

ता. ९ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार,

तुम्ही बऱ्या आहात असं धरून लिहायला बसले आहे, कारण इतक्या वर्षांत खुशाली विचारायची सवय आपण दोघींनी मोडलीच. पाकीट उलटं करून चिकटवलेलं दिसलं तर हसू नका. चांगला कागद टाकवत नाही मला, तुम्हाला ठाऊकच आहे.

आधीच सांगते म्हणजे मनात अढी राहणार नाही. हे पत्र ह्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. काल जेवता जेवता म्हणाले, "ताईला लिही. सुगीच्या जेवणाला बोलाव." आणि पुढचा घास घेतला. मी वाढता वाढता थांबले. आईंना तुमच्याकडे नेते म्हणालात आणि तुमचा भाऊ "ती काय पाहुणी आहे का" म्हणून ताटावरून उठला, त्यानंतर ह्या घरात "ताई" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. आई गेल्या त्या दिवशी तुम्ही फाटकापर्यंत येऊन परत गेलात, तेही त्यांनी पाहिलं होतं. पाहून रंधा मारत बसले होते.

बाकी घरी सगळं बरं आहे. सकाळी धुकं असतं, परसातली झाडं निम्मी झडली. घेवडा संपला, कांदे वाळवून टांगले. बटाटे यंदा लहान पण गोड. तुमचा भाचा पंक्चर (तुम्ही ठेवलेलं नाव गल्लीनं उचललंय, आता दुकानाच्या पाटीवरही तेच आहे) सायकली दुरुस्त करतो आणि जेवायला उशिरा येतो. सूनबाई कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानात जाते. पोरगी गुणाची आहे, फक्त मिठाचा हात जड.

भोपळ्यांचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

आई दर उन्हाळ्यात काय करायच्या ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. भोपळे मुठीएवढे झाले की केसातला आकडा काढून प्रत्येकाच्या नावाची खूण सालीवर ओरखडायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून खुणा. ह्यांची करवत, पोराचं चाक, सुनेची फणी, तुमची चिमणी. फळ वाढेल तशी खूण वाढायची, फुगून खपलीसारखी वर यायची, आणि सुगीच्या जेवणाला ज्याचा भोपळा त्याच्या ताटात. तुम्ही येईनाशा झालात तरी चिमणी त्यांनी कधी चुकवली नाही. तुमचं ताट वाढून ठेवायच्या आणि मग शेजारची शिंपीणबाई ते खायची. "तुमच्या चिमणीनं मला पोसलं," म्हणते अजून.

यंदा बी मीच लावलं, आईंच्या गाठोड्यातलं. पण खुणा काढल्या नाहीत. तो हात माझा नव्हे. केसातला आकडा तर त्यांच्याबरोबरच गेला, मीच त्यांच्या केसात खोचला होता.

सप्टेंबरात वेलाची पानं वाळायला लागली तशी फळं उघडी पडली. पाणी घालायला गेले तर समोरच्या भोपळ्यावर करवत. नीट वर आलेली, जुनी खपली असावी तशी. शेजारी चाक. कुंपणाकडे फणी.

मी ह्यांना हाक मारली. त्यांनी पोराला बोलावलं.

"हे तुझे उद्योग?"

"बाबा, मला सरळ रेघ काढता आली असती तर पंक्चर काढत बसलो असतो का? तुम्हीच सुतार."

"माझी करवत मी अशी काढीन? दाते बघ, सगळे डावीकडे कललेत."

बोलून गेले आणि खाली बसून दात्यांवरून अंगठा फिरवू लागले. आई डावखुऱ्या होत्या, वन्सं. त्यांच्या सगळ्या रेघा तशाच कलायच्या.

पोरगा हसण्यावारी नेत होता. "आजीला वर करमत नसेल," म्हणाला. तेवढ्यात सूनबाईनं पानांखालून एक छोटा भोपळा उचलला. त्यावर पाळणा होता, दोऱ्यांसकट. असली खूण आपल्या घरात कुणाचीच नाही. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भोपळा खाली ठेवून ती घरात गेली. मी मागोमाग गेले तर मोरीपाशी उभी. म्हणाली, "आई, माझी मलाच परवा खात्री झाली. ह्यांनासुद्धा अजून सांगितलं नाही."

म्हणजे तुम्ही आजी होणार, वन्सं. अशी बातमी भोपळ्यावरून कळवावी लागली.

मी मॅट्रिक झालेली बाई. देवावर माझा भरवसा आहे, भुताखेतांवर नाही. आईंनी मला कधी घाबरवलं नाही, तर आता का घाबरवतील? मी देवापुढे बसले, नाव घेतलं, उठले आणि स्वयंपाकाला लागले. तुमची चिमणी सगळ्यात मोठी धरली आहे. जुन्या जळणाच्या ढिगावर चढून बसली आहे, देठ रस्त्याकडे करून. मी दोनदा वळवून ठेवला. सकाळी पुन्हा रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले नाहीत. वाफ्यात वाकून पान न् पान उलटत होते.

मी विचारलं, "काय शोधताय?"

"पक्कड पडली कुठेतरी."

पक्कड त्यांच्या मागच्या खिशातून डोकावत होती. मी म्हटलं, "बघा, सापडेल." मला ठाऊक होतं ते काय शोधत आहेत, कारण त्यांच्या आधी माझं शोधून झालं होतं.

मामंजींचं वर्ष तुम्हाला आठवत असेल. आईंनी त्यांची चष्म्याची खूण ओरखडली होती, आपल्या दोघींच्या देखत. पण सालीनं ती धरलीच नाही, फळ गुळगुळीतच वाढलं. सुगीच्या जेवणाला मामंजी नव्हते.

माझी खूण किल्ली. कोठीची किल्ली आईंनी माझ्या हातात दिली त्या वर्षापासून.

ह्यांना ती सापडली नाही. मलाही नाही.

मग एका सकाळी ती होती. कुंपणाच्या कडेच्या भोपळ्यावर, धारदार पात्यानं कोरलेली, दाते मोजूनमापून, एखाद्या कुलुपाला बसावी इतकी चोख. उजव्या हाताची. हे ओसरीवर पाठमोरे बसून पातं पुसत होते. म्हणाले, "बघितलंस का, तुझीही आली." मी म्हटलं, "हो, बघितली. छान आली." लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं लाडाचं काही त्यांनी माझ्यासाठी केलं नव्हतं.

पण वन्सं, भोपळा पिकला होता. कोवळ्या सालीला ओरखडलं तर जखम भरते. पिकल्या सालीची भरत नाही. लाकडात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? दोन-चार दिवसांत किल्लीतून पाणी सुटलं, मग ती काळी पडली, आता वास येतो. मी ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवली आहे. ते तिकडून जाताना श्वास धरतात. मीही धरते. काल जेवताना त्यांनी तुमचं नाव काढलं ते ह्यानंतर.

माझ्या तब्येतीची काळजी करू नका. पोरानं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, उगाच पैसे घालवलेत. पैसे गेले ते मलाही लागलं.

तुम्ही याच. आणि जेवून लगेच निघू नका, थोड्या राहा. भोपळे गवतावर ठेवायचे असतात, एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, सूनबाईला अजून ते जमत नाही. तिच्या दिवसांत घरात कुणी जाणतं बाईमाणूस हवं. ह्यांना थंडीत गुडघ्याला शेक लागतो, मागत नाहीत, आपण होऊन द्यावा. खर्चाची वही स्वच्छ आहे, सुनेला समोर बसवून रोज लिहायला लावा, कंटाळा करते. संध्याकाळी देवाचं नाव घ्यायला मात्र तुम्हीच घरात आवाज काढा, बाकीचे पुटपुटतात.

मी देवाकडे फार मागत नाही. एवढंच मागितलंय की सगळ्यांची ताटं वाढून होऊ देत. यंदा माझा भोपळा नाही, तेव्हा तुमच्या चिमणीतला एक तुकडा मला द्या. शिंपीणबाई रागावणार नाही.

एक राहिलं. कोठीच्या किल्लीचा खिळा फार उंच होता. तुमचा हात तिथवर पोचायचा नाही, लहानपणी स्टुलावर चढायचात. सकाळी मी ह्यांना म्हटलं, "खिळा जरा खाली घ्या." त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "वन्सं येणार ना."

त्यांनी हातोडी घेतली. एक खिळा ठोकायला कितीसा वेळ लागतो, सुतार माणूस. पण बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आता खिळा तुमच्या उंचीला आहे. किल्ली मी अडकवून ठेवली आहे.

वाट बघते. लवकर या.

तुमची,
वहिनी