सात म्हणजे साडेदहा

धसई, ता. मुरबाड
जानेवारीतला शेवटचा सोमवार

प्रिय महेंद्र यास,

धसईहून ज्ञानेश्वरचा सप्रेम जयभीम आणि आमच्या घरच्या मंडळींचा रामराम. तुझी तब्येत बरी असणार असं धरून चालतो, कारण नागपुरात पंख्याखाली बसून सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाची तब्येत बिघडायला मला तरी काही कारण दिसत नाही. मेघावहिनींची पाठ कशी आहे? मुलीची परीक्षा झाली का? इकडे सगळं ठीक, म्हणजे या महिन्यात कोणी गेलेलं नाही. माझी साखर वाढली आहे, कोंडूचे गुडघे बसले आहेत, आणि आपल्या ‘नवतरुण बेंजो पार्टी’चा बोर्ड मी गोठ्याच्या दाराला आडवा ठोकला आहे. त्यातलं ‘नवतरुण’ तेवढं म्हशीने अंग घासून पुसून टाकलं. बाकीची अक्षरं शाबूत आहेत. जनावराला कळतं.

तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी शेतावर गेलोय असं तुला सांगण्यात आलं. मी घरातच होतो. (पडवीत, डोक्यावरून कांबळं घेऊन. शेतावर या दिवसांत आहे काय, धसकटं?) फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतोस, कागद विचारत नाही, म्हणून हे पत्र.

केरूला तो इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम दाखवायचा म्हणून तू तिकिटं पाठवलीस. त्यामागचं कारण तुला माहीत आहे, केरू तुझाच चुलतभाऊ. पण मला ते एकदा लिहून काढल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही. बावीस वर्षं टेम्पोवर, कर्ण्यांच्या पुढ्यात उभं राहून त्याने बेंजो वाजवला. लोकांच्या हळदी झाल्या आणि त्याचे कान गेले. डावा तीन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याबद्दल कल्याणच्या डॉक्टरने पावसाळ्यात सांगितलं की होळीपर्यंत चालला तर नशीब. (डॉक्टर तरुण होता. वाईट बातमी देताना तो आपल्याकडे न बघता कंप्युटरकडे बघायचा, त्यामुळे आधी आम्हाला वाटलं कंप्युटरलाच काही झालंय.) त्यावर केरूने तुझ्याकडे काय मागावं? तू ऐन विशीत भिवंडीहून आणलेली ती इंग्रजी कॅसेट आठव. त्यातलं गिटार ऐकून ऐकून त्याने बेंजोवर बसवलेली चाल धसईपासून शेणव्यापर्यंत प्रत्येक हळदीला वाजली, आणि कोणाच्या बापाला कळलं नाही की आपण विलायतेच्या गाण्यावर नाचतोय. तसलं गिटार एकदा, कान आहे तोवर, समोर बसून ऐकायचं. एवढंच मागणं. तू शब्द पाळलास. परदेशी बँड, नवी मुंबईचं मोठं स्टेडियम, चार तिकिटं. बाकीचं काम फक्त माणसाला वेळेवर तिथं पोचवणं, आणि ते माझ्याकडे होतं.

आता ऐक. गाडी कोंडूची, माणसं चार: केरू, त्याची बायको चंद्रावहिनी, आपल्या पार्टीतला कोंडू आणि मी. (वहिनींना गाण्याची आवड नाही. त्यांना आमच्यावर विश्वास नाही.) वहिनी सकाळी अकरापासून नवी साडी नेसून ओट्यावर बसलेल्या. “निगा रे टायमावर. तिकिटावर सात लिवलंय.” मी हसलो. महेंद्र, त्या हसण्याची मला आता रोज आठवण येते. मी म्हणालो, वहिनी, बावीस वर्षं मी या पार्टीचा माइक धरलाय. पत्रिकेत सात छापलं की साडेदहा समजायचं. सातला सतरंजी येते, आठला जनरेटरवाला, नऊला पाहुणे. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांची समजूत काढणं. साडेदहाच्या आत जगात कुठेही तार छेडली जात नाही. कोंडूनेही मान डोलावली. “बरोबर हाये गो वैनी. आमी कदी टायमावर वाजवलंय का?” त्यावर वहिनी म्हणाल्या, “तुमी नाय वाजवलं म्हून ते पण नाय वाजवणार? ते काय तुमचे भाऊबंद लागतात?”

मी त्यांना बाईमाणूस समजून सोडून दिलं.

पाचला निघालो. मुरबाडच्या स्टँडवर चहा-वडा म्हणून तासभर बसलो, तेही माझ्याच सांगण्यावरून. लवकर पोचणाऱ्याला आपल्याकडे खुर्च्या मांडायला लावतात, हा माझा अनुभव. पुढे कल्याण, पुढे शिळफाटा, आणि तिथे जगातल्या सगळ्या ट्रका. केरू पुढच्या सीटवर, अंगात तुझ्या लग्नातला कोट, खिशात बेंजोच्या तारा छेडायची नखी. ती कशाला घेतली ते मी विचारलं नाही. मेकॅनिक गॅरेजसमोरून जाताना पाना घेऊन जातो तसं काहीतरी असेल.

गाडी लावून दीड मैल चाललो. फाटकावर झडती. चटई काढून घेतली, पाणी काढून घेतलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा उघडल्यावर रखवालदार स्वतःच दोन पावलं मागे झाला. वहिनींचा अडकित्ता हत्यारात धरला गेला. (पन्नास हजार माणसांत एक बाई सुपारी कातरणार म्हणून परदेशी कलाकारांच्या जिवाला धोका.) हे चालू असताना आतून असा आवाज येत होता की पोटातलं पाणी हलावं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, टेस्टिंग चाललंय. कोंडू म्हणाला, “टेस्टिंगला एवढी लोकं वरडतात?” मी म्हणालो, शहरातली माणसं, रिकामटेकडी.

जागेवर टेकलो तेव्हा नऊ वीस झाले होते. आम्ही इतके उंच की स्टेजवरची माणसं भाताच्या लोंबीवरच्या किड्यांएवढी. बाजूला मोठा पडदा, त्यात गिटारवाल्याची बोटं दिसत होती. केरूने कानातला कापूस काढला, कोटाच्या खिशात ठेवला आणि पुढे झुकून त्या बोटांकडे बघत राहिला. माझ्या बरगड्या वाजत होत्या, खुर्ची थरथरत होती, कोंडूने दोन्ही कानांत बोटं घातली होती. मी ओरडून केरूला विचारलं, कसं वाटतंय? तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “बरं हाये. आवाज जरा बारीक ठेवलाय.” मी हसायला गेलो. वहिनी हसल्या नाहीत, म्हणून मीही थांबलो.

दोन गाणी झाली. सगळ्यांनी हातात हात घालून वाकून नमस्कार केला, दिवे लागले, आणि माणसं उठली. मी जाहीर केलं, मध्यांतर. चहा घेऊन येतील. आमच्या आजूबाजूचे उठले, खालचे उठले, समोरचे उठले. कोंडू दोन खुर्च्यांवर आडवा झाला. स्टेजवरची माणसं खांब उतरवायला लागली, तेव्हा मी म्हणालो, सीन बदलतायत. पन्नास हजार खुर्च्यांत आम्ही चारच उरलो आणि मी घड्याळ बघून सांगितलं, साडेदहाला करतील बघा सुरू. साडेदहा झाले. सुरू झाला तो झाडू. झाडणारी बाई, आपल्याकडचीच कुठली तरी, खराटा थांबवून म्हणाली, “दादा, पाय उचला. संपून तास होत आला. सातला बरोबर चालू केला हुता त्यांनी.”

परतीच्या वाटेवर केरू खिडकीला डोकं लावून बसला होता. मुरबाडच्या अलीकडे वहिनी एवढंच म्हणाल्या, “भावजी, डॉक्टरनी होळीपातूर दिलेला कान. तो तुमच्या साडेदहाला दिलात.” त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच गोष्टी बिघडल्या, त्या कोणाच्या तरी डोक्यावर ढकलता आल्या. या वेळी मला माणूस सापडेना. जनरेटरवालासुद्धा नव्हता.

आणखी काय लिहू? हवा थंड आहे. वालाला शेंगा बऱ्या धरल्यात. मेघावहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
ज्ञानेश्वर
(निवेदक, निवृत्त)

ता. क. मुद्द्याचं राहिलं. केरूची अशी समजूत आहे की ते लोक दोनच गाणी वाजवतात. धसईच्या बाजारात तो सांगत सुटलाय, “दोन गाण्यांत दमली रे ती! आमी पहाटं चारपातूर वाजवायचो.” लोक हसतात, तोही खूश आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती, त्याला खरं सांगू नकोस. अडीच तासांचा कार्यक्रम झाला हे मोबाईलवर लिहू नकोस, कुठला व्हिडिओ पाठवू नकोस. त्याला नीट ऐकू येत नसलं तरी वाचता येतं. मी घाबरट माणूस आहे हे तुला नव्याने सांगायला नको.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर उघडून हे लिहितोय. केरू आत्ता येऊन गेला. तो समोर बसला आणि माझ्याने राहवेना. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिलं: चूक माझी. सातला सुरू झाला होता. अडीच तास वाजवलं त्यांनी. त्याने वाचलं, उठला आणि आधी दार लावलं. (हल्ली तो कुजबुजला तरी तीन घरं ऐकतात.) म्हणाला, “येड्या, मला म्हाईत हाये. पडद्यावर त्यांचे घामाचे शर्ट बगितले ना मी. दोन गाण्यांत येवडा घाम येत नाय.” मग परत येऊन समोर बसला. “मला तितं कायच नाय ऐकू आलं, ज्ञाना. उजवा पण गेला, भात झोडायच्या टायमाला. चंद्रीला नाय सांगितलं. ती काय बोलंल ते तसं आधीच म्हाईत असतं. सातला पोचलो असतो, तर अडीच तास मान हलवत बसाया लागलं असतं. तू वाचवलंस मला.”

मी कागद पुढे ओढला, तर त्याने माझा हात धरला. “चंद्रीला नको सांगू. आनि महेंद्रला तर नकोच. पोराने हौसेने तिकिटं धाडली. त्याला लिव, लय आवडला.”

मी म्हटलं, लिहितो.

तर महेंद्र, केरूला कार्यक्रम फार आवडला.