देवीला बोललेला कोंबडा

मंगळवार, संध्याकाळ. मनोरी.

आज पुन्हा कोंबड्यांच्या विष्ठेत जंत दिसले, शिजलेल्या शेवयांसारखे, पण वळवळणारे. गेल्याच महिन्यात मी सगळ्यांना पाण्यातून औषध दिलं होतं. मग हे आले कुठून? मात्रा चुकली का माझी?

जाऊबाईंना खडसावून विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं. देवीला बोललेला कोंबडा त्यांनी त्या दिवशी टोपलीखाली झाकून ठेवला होता.

"देवीचा आहे तो. त्याला इंग्रजी औषध कसं पाजायचं?"

"आणि जंत चालतात होय देवीला?"

"शिकलीस ना गं तू, तुला नाही कळायचं. जत्रेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

म्हणजे महिनाभर तो अंगणभर घाण करत फिरला आणि बाकीच्या तीच माती टोचत राहिल्या. त्या शेवया डोळ्यांपुढून जात नाहीत. दोन कोंबड्यांचे तुरे पांढरे पडलेत, एक पंख पाडून बसली आहे. औषध पुन्हा देईन, पण तो मोकळा असताना उपयोग काय? आणि पिल्लं? ती गेली तर पुढच्या वर्षी खुराडं रिकामं.

आत्ता खिडकीतून पाहिलं. तो पायाने माती उकरून पिल्लांना हाका मारतोय, आणि ती धावत निघाली आहेत.