आभारातले माझे नाव

निपाणी,
ता. ९ मार्च १९४१

चि. नीला हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सारे ठीक. गावात तंबाखूची कुटाई चालू आहे, त्यामुळे आईचा खोकला उसळला होता. आता उतार आहे. संकेश्वरच्या मावशीने गूळ पाठवला, त्यातला निम्मा आईने तुझ्यासाठी झाकून ठेवला आहे.

तुझा छापील लेख पोचला. हेडमास्तर मारुतीरावांनी तो साऱ्या शाळेत फिरवला. शेवटी तू माझे आभार मानले आहेस, हे वाचून त्यांनी पेढे वाटले. "मास्तर, नाव काढलंत!" म्हणाले. माझा पेढा मी शिपायाला दिला.

नीला, ते आभार चुकीच्या माणसाला गेले आहेत.

एकोणचाळीसच्या दिवाळीत बेळगावला तुझे व्याख्यान झाले ते आठव. पुढच्या रांगांत वकील, डॉक्टर. तू सांगत होतीस, डोंगरावर ठेवलेल्या फोटोच्या काचांत आकाशातून आलेल्या कणांच्या रेषा उमटल्या, आणि त्यांतला एक कण आजवर कुणाला ठाऊकच नव्हता. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले, "आपण बाईंचे कोण?" मी भाऊ म्हणालो नाही; म्हणालो, "निपाणीचा शिक्षक."

मग उठलो. "त्या काचा डोंगरावर नेण्याआधी आणि आणल्यावर पेटीत पडून होत्या. ही रेषा तेव्हाची नाही कशावरून?"

तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालीस, "अण्णा, याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तू पुन्हा डोंगर चढलीस. तशाच काचा खालीही ठेवल्यास. खाली ती रेषा दिसली नाही आणि तुझा शोध पक्का झाला. अण्णाने वेळीच सावध केले, असे तुला वाटले. पण तो प्रश्न मी कितीतरी दिवस उराशी धरून होतो. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी तू माझ्या शेजारच्या पाटावर जेवत होतीस. तेव्हा विचारता आला असता. मला तो चारचौघांत विचारायचा होता.

आईला तुझे शास्त्र कळत नाही. परतताना सर्व्हिस मोटारीत एवढेच बोलली, "हरी, पोरीला पाडायला उठलतास न्हवं?"

"व्हय," म्हणालो.

माझीच पुस्तके वाचून तू शिकलीस. मी बी. एस्सी.ला पुन्हा नापास झालो त्याच साली तू पहिल्या वर्गात पास झालीस, आणि आपल्या आप्पांनी माझ्यासमोर तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून तुझे प्रत्येक यश मला माझ्याच खिशातून गेल्यासारखे वाटते. वय झाले की हे विझेल असे वाटले होते. विझत नाही.

आता जे लिहायला बसलो ते. खालच्या काचा उकाड्यात होत्या, वरच्या थंडीत. उकाड्याने अशा खुणा पुसट होतात असे वाचले आहे. मग खाली ती रेषा उमटलीच नाही, की उमटून पुसली? लेख वाचताना हे सुचले आणि मला आनंद झाला. कसला, ते लिहवत नाही. पण अजून कुणापाशी बोललो नाही, मारुतीरावांपाशीही नाही.

खालच्या काचा थंडीत ठेवून एकदा बघ. शोध मोडला तर मी थोडे दिवस खूश असेन, आणि मग बहुधा तुझ्याइतकाच रडेन.

या खेपेस आधी तुलाच विचारणारा,
तुझा अण्णा