माप घेताना दिलेले नंबर

२ फेब्रुवारी, सोमवार
एक हजार बारा मेसेज गेले! मीच पाठवले. "हिरव्या चुड्यावर दहा टक्के सूट. लवकर या."
बांगड्यांच्या दुकानात लागून दोनच महिने झालेत. मालक वलीचाचा म्हणाले, "शाहीन शिकलेली हाय, चुकायची न्हाय." चुकले नाहीच. एकही नंबर चुकला नाही.
पण बायका वहीत नंबर लिहून देतात ते कशासाठी? बांगड्या पिचल्या तर नुसता फोन करायचा, माप आमच्याकडे असतंच, माल एसटीनं जातो. एवढ्यासाठीच!

३ फेब्रुवारी
जळकोटच्या हरणाबाई आल्या. मेसेज शेजारणीकडून वाचून घेतलेला. "वलीभाई, आमचं मालक जाऊन चार वर्सं झाली. हिरवा चुडा कुणाच्या नावानं भरू? बघून ठिवलाय का कुणी?"
चाचा काउंटरखाली काहीतरी शोधत राहिले. बराच वेळ. मी माफी मागितली. बाई हसून गेल्या. रात्री मी मोबाईलवर कायदा शोधत बसले.

४ फेब्रुवारी
वाचून काढलं. लोकांच्या खाजगी माहितीच्या नव्या कायद्याप्रमाणे माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. दुसऱ्या कामाला आधी परवानगी. चाचांना सांगितलं. "अगं, त्यो कायदा पुरता लागू व्हायला लई टाईम हाय!"
लाज आधीपासूनच लागू आहे — असं मी म्हणाले. मनात.

५ फेब्रुवारी
चाचा माल आणायला सोलापूरला गेले. मी वही घेऊन फोन लावायला बसले. "आम्ही मेसेज पाठवले तर चालेल का?"
उमरग्याहून एका बाईंचा नवराच कडाडला, "कर्ज नको, प्लॉट नको! ठेव फोन!"
मुरुमच्या विठाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "मला इचारतीस व्हय? थांब, सुनेला इचारते." सून म्हणाली, नवऱ्याला विचारते. नवरा शेतात.
चाळिसाव्या फोनला पोलिसांची धमकी आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला — परवानगी मागायचे फोनही मी परवानगीशिवायच करतेय!

६ फेब्रुवारी
दुकानाचा नंबर आता लोकांच्या मोबाईलवर लाल रंगात 'स्पॅम' म्हणून दिसतो. चाचांनी थेट माझ्या घरी फोन केला. अब्बा म्हणाले, "आपल्या घरात शाळेत गेलेली तू पहिली. आता कामावरून काढलेली पण तूच पहिली होऊ नको!" चाचांची ताकीद — आणखी एक उपद्व्याप, की घरी.

९ फेब्रुवारी
लहान बाळांचं सामान विकणारा एक गृहस्थ आला होता. डोहाळजेवणाच्या बांगड्या भरून गेलेल्या बायकांचे नंबर हवेत त्याला. आमच्या वहीत तशा नावांपुढे खूण असते. छत्तीस जणी.
"उद्या यादी काढून दे. ह्यात कसलं आलंय लपवायचं?" चाचा म्हणाले. "पोट तर साऱ्या गावाला दिसतं!"
त्या छत्तिसांत तरन्नुम आहे. माझ्या वर्गातली. तिचं बाळ गेल्या आठवड्यात पोटातच गेलं. चाचांना माहीत नाही. तिनं मलाच सांगितलंय, आणि कुणाला सांगू नको म्हणाली. तिच्या मोबाईलवर येणार — 'आई होताय? अभिनंदन!'
चाचांना कारण सांगू शकत नाही. यादीही देऊ शकत नाही.

१० फेब्रुवारी
छत्तीसही नंबर खोडले. एकटीचाच खोडला असता, तर तिचाच का, हे सांगावं लागलं असतं. वहीतले, मोबाईलमधले. चाचांना विचारलं नाही.