घोट्याला शंभरपैकी शहाण्णव

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग पट्टीत आहे, तूर्त सातांवर भागव). तुझी तब्येत बरी ना? भाऊजी अजून चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात का?

माझा घोटा मोडल्याला चौदा आठवडे झाले (स्टुलावरून पडून नव्हे, स्टुलावरून नीट उतरल्यावर). एक्स-रेत हाड सांधलेलं पाहून डॉक्टर स्वतःवरच खूश झाले. पण व्यायाम करवून घेणारी फिजिओ वेगळीच निघाली. लहान चणीची, केसांत पेन खोचलेली, आवाज कधी चढत नाही. तिने एक प्रश्नावली हातात दिली. हाड काय म्हणतं ते कळलं, आता तुम्ही काय म्हणता ते हवंय, म्हणाली. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं (घरातले विचारतात, पण उत्तरापर्यंत थांबत नाहीत).

आता वीस प्रश्न, शंभर गुण, असा कागद पुढे आल्यावर आपल्या शाळेतली मुलगी काय करणार? मी शाईचं पेन काढलं, समास आखला आणि सुवाच्य अक्षरात उत्तरं लिहिली. दुखतं का? नाही. संध्याकाळी सूज? नाही. पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो का? नाही. (हे खोटं नव्हे. मी पायऱ्या बसून उतरते, एकेक, लहानपणी आपण उतरायचो तशी. बसलेल्या माणसाला कठडा कशाला?) शहाण्णव मिळाले. चार मीच सोडले, शंभर घेणं बरं दिसत नाही म्हणून.

शहाण्णव मिळवणाऱ्यांचे व्यायाम बंद होतात, हे मला नंतर कळलं. तिने आकडा पाहिला, मला जिन्याशी नेलं आणि म्हणाली, "काकू, उतरून दाखवा."

मी वरच्या पायरीवर जरा वेळ हवापाण्याचं बोलले. मग भिंत धरून खाली बसले.

ताई, ती हसली नाही. माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसली. म्हणाली, "ही परीक्षा नाही हो. कमी गुण पडले तर मी तुम्हाला सोडणार नाही, एवढंच."

मग मी तिला आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरच्या शिकवणीबद्दल सांगितलं. कुणी कशी आहेस विचारलं की म्हणायचं 'छान, थँक यू', मग पाय तुटलेला का असेना. ती म्हणाली, शाळा चांगलीच होती, फक्त घोट्याला तिथे घालू नका. पुन्हा लिहिलं, या वेळी पेन्सिलीने. एकोणसाठ. जन्मात एवढे कमी गुण मिळाले नव्हते आणि घरी येऊन सगळ्यांना दाखवावेत असंही कधी वाटलं नव्हतं. व्यायाम चालू राहिले. काय जमायला हवंय, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, ताईच्या घराचे तीन जिने. तिने ते कागदाच्या माथ्यावर लिहून खाली रेघ ओढली.

तुझी,
धाकटी

ता. क. तू एकदाही बघायला आली नाहीस म्हणून मी रुसले होते. तो रुसवा आज सोडला.

ता. क. २ : सोबत कोरी प्रश्नावली आहे. गेल्या वर्षी तुझा घोटा मोडला तेव्हा तू मला 'छान आहे' असं कळवलंस, आणि शाळा आपली एकच. पेन्सिलीने भर. पायऱ्यांच्या प्रश्नावर विचार करत बसू नकोस, भाऊजींनी पेपर फोडलाय : तूही बसूनच उतरतेस, आणि तेही फक्त पहिल्या वळणापर्यंत. बेरीज मी करीन. शहाण्णव आले, तर तीन जिने चढून येईन आणि तुझ्या शेजारी पायरीवर बसेन.