आमचे महालातले मेकॅनिक

प्रिय बाबा,

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. आज कामावर गेलो आणि पुन्हा एकदा तुम्हाला परकं करून आलो. हे आता सांगू कोणाला? म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

रामदासपेठेतल्या त्या कानाच्या डॉक्टरांकडे फ्लॉपी ड्राइव्ह बघायला गेलो होतो. माझं मुंडण पाहून त्यांनी विचारलं, "घरी कोण गेलं?" मी म्हणालो, "वडील." त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं. मग निघताना म्हणाले, "अरे, आणखी दोन कॉम्प्युटर घेतोय. तुझ्या त्या मेकॅनिकला पाठव ना, आमचं मशीन गप्प करणाऱ्या!" आणि मी काय बोललो असेन? "ते काम सोडून गावी गेले, सर."

एका मिनिटात मी तुमची दोन माणसं केली, बाबा. एकासाठी सांत्वन घेतलं आणि दुसऱ्याला गावी धाडलं!

तो उन्हाळा आठवतो ना? डॉक्टर बारीक बारीक आवाज ऐकवून लोकांचे कान तपासायचे आणि शेजारी कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा. पेशंटला काही कळेना. मी पडलो डिप्लोमावाला. पंखा हळू केला, तर आतले पार्ट तापून मशीन बंद. मग हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, मी आणखी पाती बसवली. जितकी पाती जास्त तितका थंडावा जास्त, असा माझा हिशेब. मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडलं.

तो ठोकळा घरी आणला, तर तुम्ही तो उजेडाकडे धरून पाहिलात. जन्मभर महाल भागातल्या दुकानात कूलरचे पत्रे ठोकलेला माणूस! "काहून गा, एवढी दाटी कायले केली? कूलरमंदी खसचं गवत ठासून भरलं तं हवा येते का? पंखा हळू असला का हवेत जोर नसते. तिले वाट दे."

"बाबा, हा कूलर नाही," म्हणत मी हसलो. तुम्ही सरळ आरी घेतलीत आणि एकाआड एक पातं कापून टाकलंत. माझी पाती गेली, कंपनीचीही गेली! मी किती चिडलो होतो! आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वेगाच्या पंख्यावर मशीन दिवसभर चाललं, तेही भर मे महिन्यात.

त्या दिवशी तुम्हीही दवाखान्यात आला होतात. पत्रे ठोकून ठोकून तुमचे कान गेलेले, पंखा तुम्हाला आधीही ऐकू येत नव्हता. टेबलावर तळवा ठेवून तुम्ही ओरडलात, "आता हालत नाही! हाताले समजते!" बाहेर बसलेले लोक डोकावले. डॉक्टर हसून म्हणाले, "हे कोण?"

"आमचे मेकॅनिक. महालातले," मी म्हणालो.

डॉक्टर तुमचेही कान लगेच तपासायला तयार होते. मीच म्हणालो, त्यांना घाई आहे. का, माहीत आहे? तपासणीच्या कागदावर आडनाव लिहावं लागलं असतं!

तुम्हाला ऐकू आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण महिन्याभरानं मशीनचे स्क्रू काढून धूळ झाडायला आपण परत गेलो, तेव्हा डॉक्टरांसमोर तुम्ही मला म्हणालात, "साहेब, पेचकस देता का?" घरी मला 'अबे'शिवाय हाक न मारणारे तुम्ही! चेहऱ्यावर रागाचा लवलेशही नव्हता. माझं खोटं तुम्ही सांभाळून घेत होता. आणि मी काय केलं? पेचकस दिला. बाबा, मी नुसता पेचकस दिला!

तिथंच सगळ्यांसमोर एक ठेवून का नाही दिलीत? माझ्यासारख्याला एवढं कशाला जपायचं? याचा मला अजून राग येतो तुमचा.

उद्या सकाळी दवाखाना उघडला की जाणार आहे. ते मेकॅनिक कुठल्या गावी गेलेले नाहीत, ते माझे वडील होते, असं सांगेन. मग ती दोन मशीनं तुमच्याच पद्धतीनं माझ्या हातानं करून देईन. डॉक्टर विचारतील, तेव्हाच का नाही बोललास? मला माझ्या बापाची लाज वाटत होती, असं म्हणेन. दार उघडं ठेवूनच म्हणेन.

तुमचा मुलगा,
मधुकर