दारातल्या फोटोत मी नाही

गुरुवार, संध्याकाळ. मस्कत.

जोगेश्वरीच्या आमच्या खोलीचा सरकारी सर्व्हे झाला. झोपड्या पाडून पक्की घरं देणारेत. घरातली सगळी माणसं दारात उभी करून साहेब लोक फोटो काढतात आणि नावं लिहून घेतात; यादीत नाव त्याचाच नव्या घरावर हक्क. तो फोटो दादाने आज पाठवला. दादा, वहिनी, आई आणि वहिनीचा भाऊ, तोही मी घरी ठेवलेला चौकडीचा शर्ट घालून. तो तर राहतो चारकोपला!

लगेच फोन लावला. "दादा, माझं नाव?"

"अरे, तू इथे राहतोस कुठे? साहेबाला खरं तेच सांगितलं."

"आणि हा राहतो काय?"

"डोकं नको खाऊ यार. घर झालं की तुझंच आहे ना!"

माझंच? खोलीवर पत्रे मी टाकले. आठवीत शाळा सोडली, आता इथे उन्हात सळया बांधतोय, ते कोणासाठी? आणि वहिनीच्या भावाच्या अंगात शर्टपण माझाच.

आईला फोन द्यायला सांगितला. विचारलं, तू गप्प का राहिलीस? ती हळूच म्हणाली, "झिला, माका हयच रवाचा आसा ना."

तिचं खरं आहे, तिला तिथे दादाकडेच राहायचंय. तिच्यावर कसा चिडू? पण दादापेक्षा जास्त तिच्यावरच चिडलोय.